तेरा सेकंद

आर्लन व्होइटचं काम अगदी सोपं होतं. डोरीन कुबियाक जिथं जाईल तिथं कॅमेरा घेऊन जायचं आणि तिची जीभ कधी घसरते याची वाट बघत उभं राहायचं. याला काम म्हणतात का, असं तुम्ही विचाराल. म्हणतात बाबा. निवडणूक आली की दोन्ही पक्ष अशी माणसं नेमतात आणि समोरच्या उमेदवाराच्या मागे सोडतात. आर्लन कोणत्या पक्षासाठी राबत होता आणि डोरीन कोणत्या पक्षाची होती, ते मी मुद्दाम सांगत नाही. सांगितलं की तुम्ही लगेच एकाच्या बाजूला खुर्ची सरकवून बसाल, आणि आमच्या व्हेलन फॉल्सचा सगळा सत्यानाश त्या खुर्च्या सरकवण्यानंच झाला आहे.

डोरीन राज्याच्या सिनेटसाठी उभी होती. सव्वीस वर्षं शाळेची बस चालवलेली बाई, आवाज खणखणीत, बोलणं सरळ. आर्लन एकसष्ट वर्षांचा. एकतीस वर्षं गावच्या साप्ताहिकात फोटो काढले, मग साप्ताहिक बंद पडलं आणि गळ्यातला कॅमेरा तेवढा उरला. जूनमध्ये राज्याच्या राजधानीतून, मॅडिसनहून, पक्षाच्या कचेरीतला फोन आला, तेव्हा त्यानं फार विचार केला नाही. तिथल्या टेसा नावाच्या बाईनं त्याला नियम सांगितले. उमेदवाराशी बोलायचं नाही. वाद घालायचा नाही. तिच्या माणसांकडून पाण्याचा घोटही घ्यायचा नाही. ती गाडीत बसून दिसेनाशी होईपर्यंत कॅमेरा बंद करायचा नाही.

आता गंमत ऐका. दुसरी कुणी असती तर असल्या माणसाला पाहून नाक मुरडलं असतं, कार्यकर्त्यांकडून धक्के मारवले असते. डोरीननं पहिल्याच दिवशी, पॅनकेकच्या न्याहारीला जमलेल्या साठ माणसांसमोर, त्याच्याकडे बोट दाखवलं आणि म्हणाली, "हा आर्लन. माझ्या चुका टिपायला आलाय. त्याला उजेडाकडची जागा द्या, नाहीतर माझा चेहरा काळा येईल." लोक हसले. तेव्हापासून तिचा तो रिवाजच झाला. माईक हातात घेतला की आधी खोलीभर नजर फिरवायची आणि विचारायचं, "गुड मॉर्निंग, आर्लन. आलास ना? मग करूया सुरू."

संध्याकाळ असली तरी गुड मॉर्निंगच. शुक्रवारी चर्चच्या तळघरात माशांचं जेवण असलं की ती त्याच्यासाठी एक ताट भरायला लावायची. तळलेला मासा, कोबीची कोशिंबीर, राय ब्रेडचे दोन तुकडे. नियमाप्रमाणे आर्लन मान हलवून नको म्हणायचा. मग कुणीतरी ते ताट बाहेर नेऊन त्याच्या गाडीच्या टपावर ठेवायचं. कार्यक्रम संपला की तो गाडीत बसून गार झालेला मासा शेवटच्या काट्यापर्यंत खायचा. टेसाला यातलं काही माहीत नव्हतं.

गावात त्याला 'डोरीनची सावली' म्हणायचे. चिडवायला म्हणायचे, पण त्याला ते आवडायचं, हे कुणाला ठाऊक नव्हतं.

कारण घरी काय होतं? त्याची बायको मार्लिस जाऊन तीन वर्षं झाली होती. ती शाळेच्या स्वयंपाकघरात होती, डोरीन बसवर, दोघींची चांगली ओळख होती. मार्लिस गेली त्या आठवड्यात डोरीन काचेचं मोठं भांडं घेऊन दारात आली होती. खिमा, मशरूमचं सूप, वर बटाट्याचा कुरकुरीत थर. असल्या भांड्याच्या तळाला आमच्याकडे चिकटपट्टीवर मालकाचं नाव लिहितात, म्हणजे घासूनपुसून परत करता येतं. आणि परत करताना रिकामं करत नाहीत, काहीतरी घालून देतात. आर्लननं भांडं घासलं, पुसलं, आणि फ्रीजवर ठेवलं. आत घालायला काय करायचं ते त्याला सुचेना. आज देऊ, उद्या देऊ करत तीन वर्षं ते तिथंच राहिलं. तळाला 'कुबियाक', डोरीनच्या हातचं.

बाकी घर त्याला खायला उठायचं. साप्ताहिक होतं तोवर गावात दिवसाला पन्नास माणसं हाक मारायची. ए आर्लन, आमच्या भोपळ्याचा फोटो घे. ए आर्लन, पोरीचं लग्न आहे, ये. आता पेट्रोलपंपावर पैसेसुद्धा यंत्रालाच द्यायचे. जूनच्या आधी असे दिवस गेले होते की संध्याकाळी कुणाचा चुकून फोन आला तर स्वतःचा आवाज घोगरा लागायचा, कारण सकाळपासून तो वापरलेलाच नसायचा. जूननंतर तसं राहिलं नाही. रोज एक माणूस त्याला नावानं हाक मारत होतं. आता ते माणूस विरोधी पक्षाचं होतं, त्याला तो काय करणार.

ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात, एका मंगळवारी, अग्निशामक दलाच्या हॉलमध्ये डोरीनची दुपारची सभा होती. एकोणीस माणसं. सभा संपली, आर्लननं सामान गाडीत टाकलं, तेवढ्यात टेसाचा फोन आला.

"आर्लन, वाईट वाटून घेऊ नका," ती म्हणाली. वाईट वाटून घेऊ नका म्हणणाऱ्या माणसानं चांगली बातमी दिल्याचं कुणी ऐकलंय का? "चार महिने झाले, तुमच्या बाईच्या तोंडून काही निघत नाही. पॅनकेक, बस आणि रस्त्यातले खड्डे. शुक्रवारी थांबवू या. कॅमेरा आम्हाला दुसरीकडे लागतोय."

"अजून तीन आठवडे आहेत निवडणुकीला," आर्लन म्हणाला.

"म्हणूनच तर. जिथं काही मिळेल तिथं माणूस लावायला नको? आजच्या सभेत काही होतं?"

त्यानं क्षणभर काचेतून बाहेर पाहिलं. डोरीन हॉलच्या दारात उभी राहून कुणाच्या तरी म्हाताऱ्या कुत्र्याचे कान खाजवत होती.

"बघून सांगतो," तो म्हणाला.

घरी येऊन तो स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसला. कामाची पद्धत अशी होती: चित्रीकरण पाठवायचं आणि सोबत एक तक्ता. कोणत्या मिनिटाला सुरू, कोणत्या मिनिटाला संपलं, वाक्य काय. मॅडिसनमधले लोक तक्ता वाचायचे, तेवढाच तुकडा उचलायचे आणि पुढे पाठवायचे. अख्खी सभा बघायला वेळ कुणाला असतो? चार महिन्यांत आर्लनच्या तक्त्यात 'विशेष काही नाही' एवढंच लिहिलेलं असायचं.

त्यानं सभा पुन्हा लावली. डोरीन बंद पडलेल्या कागद गिरणीबद्दल बोलत होती. चौदा मिनिटं नऊ सेकंदांवर ती म्हणाली, "राजधानीतल्या एका मोठ्या साहेबानं मला तोंडावर काय सांगितलं, ते ऐका." मग ती थांबली, पाणी प्यायली, पेला ठेवला. आणि बरोबर चौदा मिनिटं बावीस सेकंदांवर, पापणीही न हलवता, त्या साहेबाच्या थाटात बोलली, "या गावांत पैसा घालण्यात काही अर्थ नाही. मरू देत ती. दहा वर्षांत तिथं हरणांशिवाय कुणी उरणार नाही." मग पुन्हा थांबली. आणि मग म्हणाली, "मी त्याला म्हटलं, साहेब, त्या हरणांच्या शेजारी मी राहते." लोक हसले होते. आर्लनही कॅमेऱ्यामागे हसला होता.

तो बराच वेळ तक्त्याकडे बघत बसला. सुरुवात कुठून लिहायची, याचा विचार करण्यासारखं त्यात काहीच नव्हतं. एकतीस वर्षं वर्तमानपत्रात काढलेल्या माणसाला कुणाचं बोलणं कुठं सुरू होतं हे शिकवावं लागत नाही. पण शुक्रवार डोळ्यांपुढे उभा होता. शुक्रवारनंतरचा शनिवार, आणि त्या शनिवारच्या मागे लागलेला सगळा हिवाळा.

त्यानं लिहिलं: सुरुवात चौदा-बावीस. शेवट, साहेबाचं बोलणं संपतं तिथं.

एवढंच. खोटं एक अक्षर लिहिलं नाही. तो स्वतःला म्हणाला, टेसा मागचंपुढचं बघेलच. बघेल, विचारेल, मी सांगेन, तोवर आठवडा निघून जाईल. माणूस स्वतःची समजूत घालायला बसला की किती हुशार होतो.

टेसानं मागचंपुढचं बघितलं नाही. दहा मिनिटांत तिचा फोन आला. "आर्लन, तुम्ही देवमाणूस आहात. शुक्रवारचं विसरा. शेवटपर्यंत तिला सोडू नका."

गुरुवारी सकाळी ते टीव्हीवर आलं. खाली डोरीनचं नाव, मागे बंद गिरणीचा फोटो, आणि डोरीनच्याच तोंडून, "मरू देत ती." दर पंधरा मिनिटांनी. रेडिओवर तेच, फोनवर तेच. एका वाहिनीवर चार माणसं टाय लावून बसली आणि ग्रामीण अमेरिकेचा हा कसा अपमान आहे यावर तासभर घसा कोरडा करत राहिली. त्या चौघांपैकी एकालाही व्हेलन फॉल्स नकाशावर दाखवता आलं नसतं. दुसऱ्या वाहिनीवर तिच्या बाजूची चार माणसं बसली. त्यांनी आणखी शहाणपणा केला. हे चित्रण खोटं आहे, संगणकानं बनवलंय, असं ठोकून दिलं. दोन दिवसांनी तज्ज्ञांनी तपासून सांगितलं की चित्रण खरं आहे. झालं, मग तर तिची होती नव्हती ती अब्रूही गेली.

डोरीन पहिल्या दिवसापासून सांगत होती की ते बोल माझे नव्हते, मी दुसऱ्याचं सांगत होते. पत्रकार विचारायचे, पुरावा? त्या दिवशी हॉलमध्ये एकोणीस माणसं होती. त्यातली अकरा तिची, ती तिच्याच बाजूनं बोलणार, त्यांचं कोण ऐकतं. उरलेल्यांपैकी कुणाला नीट आठवेना, कुणाला आठवायचं नव्हतं. एकानं तर कॅमेऱ्यासमोर छातीठोकपणे सांगितलं की मला तेव्हाच धक्का बसला होता. तो माणूस त्या दिवशी सर्वांत मोठ्यानं हसला होता. आर्लनकडे त्याच्या हसण्याचा आवाज होता.

आर्लन सभांना जात राहिला. माणसं घटत गेली. सोळा, बारा, सात. अंगणात डोरीनच्या नावाच्या पाट्या होत्या त्या एकेक करून गायब झाल्या. चर्चच्या तळघरात शुक्रवारी ती आत आली तेव्हा तीन टेबलांवरची माणसं ताटं घेऊन उठली आणि दुसरीकडे जाऊन बसली. तरी ती विचारायचीच, "गुड मॉर्निंग, आर्लन. आलास ना?" आता मात्र तो मान खाली घालायचा. त्या शुक्रवारी गाडीच्या टपावर ताट आलं नाही. तळघरात ताटं भरायला तिच्या बाजूचं कुणी उरलंच नव्हतं.

निवडणुकीच्या आदल्या गुरुवारी ग्रंथालयाच्या मागच्या खोलीत तिची सभा होती. चाळीस खुर्च्या मांडलेल्या. आर्लननं कॅमेरा उभा केला, वेळ झाली, पंधरा मिनिटं वर गेली. कुणी आलं नाही. कॉफीचं यंत्र आपलं गुरगुरत होतं. डोरीननं कोट काढला, खुर्चीच्या पाठीवर टाकला आणि चाळीस रिकाम्या खुर्च्यांपुढे उभी राहिली.

"गुड मॉर्निंग, आर्लन," ती म्हणाली. "आलास ना? मग करूया सुरू."

आणि तिनं अख्खं भाषण केलं. खड्डे, शाळेचं छप्पर, गिरणी. चेष्टेच्या जागी थांबलीसुद्धा, कुणी हसायला नव्हतं तरी. आर्लनला ते भाषण पाठ होतं, तिच्यापेक्षाही जास्त. गिरणीपाशी आल्यावर ती सरळ भिंगात बघायला लागली. "राजधानीतल्या एका मोठ्या साहेबानं मला तोंडावर काय सांगितलं, ते ऐका." एवढं बोलून ती थांबली. पुढचं बोललीच नाही.

"तुझ्याकडे आहे ना हे, आर्लन?" तिनं विचारलं. "त्या मंगळवारचं. तू कधी कॅमेरा आधी बंद करत नाहीस. मी पाहिलंय."

तोंड उघडायचं नाही, हा नियम होता. चार महिने त्या नियमाचा त्याला जाच वाटला होता, आज पहिल्यांदा तो त्याच्या आड लपला. कॅमेऱ्यावरचा लाल दिवा लागलेला होता. डोरीननं मनात शंभर मोजावेत एवढा वेळ वाट पाहिली. मग "बरं" म्हणाली, कोट घातला, कॉफीचं यंत्र बंद केलं, आणि खुर्च्या मिटायला लागली. चाळीस खुर्च्या तिनं एकटीनं मिटल्या. तो मदतीला जाऊ शकत नव्हता. तेही नियमात होतं. ती गाडीत बसून दिसेनाशी होईपर्यंत त्यानं सगळं टिपलं.

शुक्रवार गेला, शनिवार गेला. रविवारी दुपारी त्यानं फ्रीजवरून ते काचेचं भांडं उतरवलं, धूळ पुसली. त्या मंगळवारच्या सभेचं मेमरी कार्ड कॅमेऱ्याच्या पिशवीतून काढलं, मार्लिसच्या एका स्वच्छ पुसण्यात गुंडाळलं आणि भांड्यात ठेवलं. तीन वर्षं त्याला आत काय घालावं सुचत नव्हतं.

डोरीननं दार उघडलं. अंगात घरचा स्वेटर, पायात मोजे. भांडं हातात घेऊन तिनं आधी ते वर धरलं आणि तळाचं आपलं नाव वाचलं. मग पुसणं उलगडलं.

"पूर्ण आहे?" तिनं विचारलं.

"पूर्ण आहे."

"तुकडा त्यांनी कापला की तू?"

"कापला त्यांनी. कुठून कापायचा ते मी लिहिलं."

"चुकून?"

खोटं बोलायला ती चांगली जागा होती. तिनंच करून दिली होती. "नाही," तो म्हणाला. "लिहिताना माहीत होतं."

डोरीननं कार्ड पुन्हा पुसण्यात गुंडाळलं. आत कुठंतरी घड्याळ वाजत होतं. शेवटी तिनं विचारलं, "मी तुझं काय वाकडं केलं होतं रे?"

"काहीच नाही. ते मला त्या शुक्रवारी घरी बसवणार होते." तो तिच्या पायांतल्या मोज्यांकडे बघत बोलत होता. "मग मला हाक कोण मारणार होतं? मार्लिस गेल्यापासून गावात रोज माझं नाव घेणारं दुसरं कुणी नाही, डोरीन. मला वाटलं, त्यांना थोडं काहीतरी दिलं की निवडणुकीपर्यंत राहता येईल. तुझ्यामागे."

तिनं भांडं छातीशी धरलं होतं. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं, असं त्याला नंतर कितीदा वाटलं.

"आर्लन," ती म्हणाली, "तू नुसतं दार वाजवलं असतंस तरी मी रोज कॉफी दिली असती."

आणि दार लावून घेतलं. आपटलं नाही, हळूच लावलं.

सोमवारी तिच्या लोकांनी सगळं चित्रण बाहेर काढलं. तेरा सेकंद आधीचं, साहेब, हरणं, लोकांचं हसणं, सगळं. टेसानं आर्लनला फोन करून जे सुनावलं ते इथं लिहिण्यासारखं नाही. आणि टीव्हीवर? पहिल्या वाहिनीवरच्या त्या टायवाल्या चौघांनी सांगितलं की हे संगणकानं बनवलेलं आहे. तो शब्द आता सगळ्यांना पाठ झाला होता. मंगळवारी मतदान झालं. डोरीन दोनशे बारा मतांनी पडली. एका खुर्चीवरची माणसं दुसऱ्या खुर्चीवर गेली नाहीत, आणि मंगळवारनंतर त्या चित्रणाबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही. टायवाले दुसऱ्या कुठल्यातरी गावाच्या अपमानाकडे वळले.

आर्लनचं मात्र दोन्हीकडून बिनसलं. एका बाजूला तो कापणारा होता, दुसऱ्या बाजूला फितूर. कॅफेत तो बसला की शेजारचं टेबल गप्प व्हायचं. तो अंडी संपवून निघून यायचा.

नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात, हरणांची शिकार सुरू व्हायला दोन दिवस असताना, तो हार्डवेअरच्या दुकानात बल्ब घ्यायला गेला. दुकान शिकारीची भडक नारिंगी जाकिटं घातलेल्या माणसांनी भरलं होतं. रांगेत त्याच्या पुढे डोरीन होती, हातात बर्फावर टाकायच्या मिठाची पिशवी. ती वळली. एकसष्टाव्या वर्षी, हातात बल्ब घेऊन, तो शाळेतल्या पोरासारखा ताठ उभा राहिला. खोलीभर नजर फिरवायची तिची ती सवय होतीच. नजर फिरत फिरत त्याच्यावर आली आणि थांबली.

"गुड मॉर्निंग, मिस्टर व्होइट," ती म्हणाली. "तुम्ही जा पुढे. तुमचं एकच सामान आहे."

बोलण्यात खोट काढायला जागा नव्हती. बँकेतल्या अनोळखी माणसाशी बोलतात तसं, नीट, अदबीनं. त्यानं आभार मानले, पुढे झाला, बल्बचे पैसे दिले. दुकानदारानं पावती हवी का विचारलं, त्याला तो नको म्हणाला.

गाडीत बसल्यावर त्यानं किल्ली लावली नाही. बाहेर डोरीन मिठाची पिशवी डिकीत टाकून निघाली, कोपऱ्यावर वळली. ती दिसेनाशी होईपर्यंत तो बघत राहिला.